शेवटच्या रांगेतून दिसणारी टर्की

लगदामास्तरांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास फसायचा. दाराशी स्टुलावर द्राक्षांची टोपली असे. पाहुणा सहज म्हणून एक द्राक्ष तोडायला जाई, आणि द्राक्षाबरोबर अख्खी टोपली हातात येई. भिंतीवरच्या घड्याळात कायम एकच वेळ असे, कारण काट्यांच्या मागे काही नव्हतंच. कोपऱ्यात एक तोफ होती आणि तोफेच्या तोंडात छत्र्या खोचलेल्या होत्या. तोफ एका हाताने उचलून केर काढता येई.

जुन्या मित्रांना हे सगळं पाठ होतं. ते घरात आले की कुठल्याही वस्तूवर आधी नखाने टकटक करत. आवाज भरीव आला तर तिच्यावर बसत, पोकळ आला तर तिचं कौतुक करत.

मास्तरांचं उभं आयुष्य एका नाटक कंपनीत गेलं होतं. काम सामानाचं. नाटकात जे जे कुणी हातात धरायचं, फोडायचं, भोसकायचं किंवा खायचं, ते ते मास्तरांनी आदल्या रात्रीपर्यंत तयार ठेवायचं. त्यासाठी त्यांच्याजवळ रद्दी, खळ आणि पाणी होतं. हे तिन्ही कालवून केलेला लगदा त्यांच्या नखांत इतकी वर्षं बसला की लोकांनी त्यांचं नावच लगदामास्तर ठेवलं. पहिलं नाव मागे पडलं. एकदा दवाखान्यात नर्सने त्यांना त्या नावाने हाक मारली तेव्हा त्यांनी शेजारच्याला उठवलं, की अहो, तुमचा नंबर आला.

लगद्यातून त्यांनी राजमुकुट काढले, पाव काढले, मासे काढले. एक तान्हं बाळ काढलं होतं. त्या बाळाने मोठमोठ्या नटांच्या मांडीवर वर्षानुवर्षं बालपण काढलं आणि एकदाही रडलं नाही, त्यामुळे कंपनीत त्याच्याइतकं लाडकं दुसरं कुणी नव्हतं.

पण मास्तरांचं नाव झालं ते टर्कीमुळे.

कंपनीचं एक नाटक नाताळच्या आसपास दर वर्षी लागायचं. त्याच्या शेवटच्या अंकात एक कुटुंब नाताळच्या जेवणाला बसतं, मधोमध भाजलेली टर्की येते, आणि टर्की कापता कापता सगळ्यांची जुनी भांडणं निघून मिटतात, असा मामला होता. मास्तरांनी त्या टर्कीवर एक अख्खा पावसाळा घालवला. मांड्यांना चिंध्या भरल्या, कातडीला पातळ कागद सुरकुत्या पाडून चिकटवला, वर चहाच्या पाण्याचे आणि वॉर्निशचे हात दिले. मग ती रंगमंचावर ठेवून ते नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि डोळे बारीक करून पाहिलं. पुन्हा आले, रंगाचा एक हात दिला, पुन्हा मागे गेले. ही त्यांची पद्धत होती. जवळून वस्तू कशी दिसते याला ते काडीची किंमत देत नसत. जवळून बघायला तिकीट कोण काढतं, असं त्यांचं म्हणणं.

पडदा उघडून टर्की दिसली की प्रेक्षकांत कुणीतरी हमखास आवंढा गिळे. मास्तर विंगेत उभे राहून तो आवाज ऐकत आणि मग चहा प्यायला जात.

खाणाऱ्यांसाठी सुरुवातीला टर्कीच्या मागे चहात बुडवलेले पावाचे तुकडे लपवलेले असत. पुढे मालकांनी काटकसर म्हणून पाव बंद केला आणि नटमंडळी हवा खाऊ लागली. प्रेक्षकांना फरक कळला नाही. उलट जेवणाचा प्रवेश यंदा जास्त रंगतो, असं एका पेपरात छापून आलं.

तर अशी हवा खाऊन मंडळी नाताळच्या दुपारचा खेळ संपवत आणि भुकेने कावलेली बाहेर पडत. मास्तरांची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, मास्तरांकडेच राहायची. तिने एका वर्षी म्हटलं, खोटी टर्की रोज बघून या लोकांचे डोळे खोल गेलेत, एक दिवस खरी खाऊ घालू या. तेव्हापासून नाताळचं जेवण मास्तरांच्या घरी. पुढे नाटक बंद पडलं, कंपनी बंद पडली, नाट्यगृहात फर्निचरचं दुकान आलं, पण जेवण राहिलं. ताई भाजायची, मास्तर टेबल लावायचे. टेबल लावताना त्यांनी कधी ताईच्या कामात बोट घातलं नाही. घातलं असतं तर ताईने तोडलं असतं.

जेवायला चौघं येत. एक बाईसाहेब. त्या कंपनीच्या नायिका होत्या, आणि अजूनही रस्ता ओलांडताना गाड्या थांबतील अशाच चालत. दुसरा दुष्ट. त्याने सगळ्या नाटकांत खलनायक केले. घरी तो मांजरांना दूध घालायचा आणि लिफ्टमध्ये सगळ्यांना आधी चढू द्यायचा, त्यामुळे बऱ्याचदा जिन्याने यायचा. तिसरी आई. ती या सगळ्यांत वयाने लहान, पण विशीतच केसांना पांढरा रंग लावून तिला बाईसाहेबांची आई केलं ते कायमचं. आता केस आपोआप पांढरे झाले होते आणि ती म्हणे, एवढी वर्षं रंगाचा खर्च उगाच केला. चौथा बत्ती. तो दिवे सांभाळायचा. कंपनीत अभिनय न येणारा तो एकटाच माणूस होता आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

यंदा ताई नव्हती. म्हणजे होती, पण लेकीकडे कायमची राहायला गेली होती, गाडीने पोचायला दिवस लागतो इतकी लांब. जाताना तिने स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्यासारखा चेहरा करून ओव्हनकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की यात आता पुन्हा लगदा वाळवायला घालू नकोस. मास्तरांनी एकदा तिच्या केकच्या आधी त्यात चार तोफगोळे वाळवले होते. ते ती विसरली नव्हती.

डिसेंबर लागला तसा बाईसाहेबांचा फोन आला. त्या म्हणाल्या, स्टेशनसमोरच्या हॉटेलात नाताळचं जेवण फार छान असतं, पांढरे टेबलक्लॉथ असतात, पियानो असतो. ताई नाही, मग मास्तरांनी या वयात कशाला त्रास घ्यायचा. बाकीच्यांशी त्या बोलल्या होत्या. बाकीचे म्हणाले होते, मास्तर म्हणतील तसं.

मास्तर फोन धरून उभे राहिले. हॉटेलचं त्यांना सगळं दिसलं, कारण दिसणं हा त्यांचा धंदाच होता. पांढऱ्या टेबलाशी पाच म्हातारी माणसं, वेटर, पियानो. पहिल्या वर्षी मजा वाटेल. दुसऱ्या वर्षी आईचे गुडघे दुखतील. तिसऱ्या वर्षी दुष्ट म्हणेल, मी घरूनच फोन करतो. आणि मग मास्तर नाताळच्या दुपारी तोफेसमोर बसून घड्याळाकडे बघतील, आणि घड्याळात काय वाजलेत हे त्यांना आधीच माहीत असेल.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आयुष्यभर त्यांनी माणसांच्या पुढ्यात ताटं मांडली होती. त्यातला एक घासही कुणाच्या पोटात गेला नव्हता.

“बाईसाहेब,” मास्तर म्हणाले, “यंदा घरीच या. टर्की मी करतो. जमलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हॉटेल. मी स्वतः पांढरा शर्ट घालून येईन.”

बाईसाहेब म्हणाल्या, “खरी ना?”

“खरी.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

मांसाच्या दुकानात मास्तरांनी काचेतल्या सगळ्या टर्क्या पाहून घेतल्या आणि मग मागे मागे सरकत फूटपाथपर्यंत जाऊन तिथून पाहिल्या. दुकानदाराला वाटलं हे परत चालले. त्याने हाक मारून विचारलं, की माणसं किती? मास्तर म्हणाले, पाच, त्यातला एक पथ्यावर. दुकानदाराने एक बेताची काढली. मास्तरांनी सर्वांत मोठीकडे बोट केलं. दुकानदार म्हणाला, काका, ही आतपर्यंत शिजायला जीव खाईल. मास्तर म्हणाले, लहान घेतली तर टेबलावर दिसणार नाही. दुकानदाराने आयुष्यात खूप गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने मोठी बांधून दिली.

नाताळच्या आदल्या दिवशी ताईने फोनवर सगळं सांगितलं. मंद आचेवर ठेव. घाई करू नकोस. वरून फार लवकर लाल व्हायला लागली तर झाकण घाल. आणि शेवटी तिने आवाज चढवून सांगितलं, “रंगावर जाऊ नकोस. मांडीत सुरी खुपसून बघ. पाणी साफ आलं तरच बाहेर काढ. ऐकतोयस ना?”

मास्तर म्हणाले, ऐकतोय. ऐकत होतेच. ऐकण्याबद्दल त्यांच्याविरुद्ध कधी कुणाची तक्रार नव्हती.

नाताळच्या सकाळी टर्की ओव्हनमध्ये गेली. मास्तर स्टूल घेऊन काचेसमोर बसले. तासाभरात त्यांच्या लक्षात आलं की टर्की फिकी आहे. अगदीच आजारी माणसासारखी. त्यांनी आच वाढवली. मग लोण्यात मध घालून ब्रशने एक हात दिला. ब्रश नवा होता, ताईच्या समाधानासाठी. कातडीने रंग धरला तसे त्यांचे हात आपोआप चालू लागले. छातीवर एक हात, पंखांच्या कडेला जरा गडद, मांडीच्या वळणावर पुन्हा एक. झाकण घालायचा प्रश्नच नव्हता, झाकणाखाली दिसणार काय?

अधूनमधून ते ओव्हनचं दार उघडत, टर्की ओट्यावर काढत, आणि पॅसेजच्या पार टोकाला, बाहेरच्या दाराशी जाऊन उभे राहत. डोळे बारीक करत. परत येत. आणखी एक हात देत.

दुपारी अशी एक वेळ आली की पॅसेजच्या टोकाला उभ्या असलेल्या मास्तरांनी स्वतःच आवंढा गिळला. काम झालं होतं. याहून एक हात जास्त दिला असता तर बिघडलं असतं.

सुरी ओट्यावरच पडलेली होती. मास्तरांनी ती उचललीही. टर्कीच्या मांडीवरची कातडी तांब्याच्या भांड्यासारखी चमकत होती, कुठे ओरखडा नाही, कुठे डाग नाही. आयुष्यात त्यांनी पुरी झालेली वस्तू कधी भोसकली नव्हती. त्यांनी सुरी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली.

पाहुणे आले. पॅसेजमध्ये कोट टांगले गेले, तोफेत छत्र्या पडल्या. आईने बेकरीतून केक आणला होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि दुष्टाने सवयीने त्यावर टकटक केली. त्याच्या नखाला साखर लागली. तो सॉरी म्हणाला. बाईसाहेब नाटकातला जांभळा शेला घालून आल्या होत्या आणि त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, की हॉटेलात चौकशी करून ठेवली आहे, अगदी संध्याकाळपर्यंत जेवण मिळतं. सहज सांगते, त्या म्हणाल्या.

मग मास्तरांनी दोन्ही हातांवर थाळा धरून टर्की आणली.

आईचा हात छातीवर गेला. बाईसाहेब खुर्चीतून उठल्या, वाकल्या, टर्कीच्या छातीवर नखाने टकटक केली, आणि मग वर बघून कपाटावर ठेवलेली लगद्याची टर्की तिथेच आहे का हे पाहिलं. ती तिथेच होती.

“अहो, ही खरी आहे,” बाईसाहेब म्हणाल्या.

मास्तरांना एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली.

बत्तीला मात्र उजेड पसंत नव्हता. वरचा दिवा टर्कीच्या अंगावर सपाट पडतो म्हणून त्याने तो बंद केला, कोपऱ्यातला उभा दिवा ओढत आणला, त्यावर केकवरचा पिवळा कागद गुंडाळला, आणि तो बाजूने मारला. सगळं टेबल सोन्याचं झालं. त्या उजेडात वीटसुद्धा चविष्ट दिसली असती.

कापायचं काम दुष्टाचं. नाटकात कुटुंबातला कारस्थानी काका तोच असायचा आणि टर्की तोच कापायचा, त्यामुळे घरीही तो मान त्याच्याकडे चालत आला होता. तो उभा राहिला, बाह्या सावरल्या, सुरी परजली. मास्तर ग्रेव्ही आणायला आत गेले. ग्रेव्हीचं भांडं घेऊन ते परत आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले, कारण याच कोनातून, विंगेतून, त्यांनी हा प्रवेश शेकडो वेळा पाहिला होता. एकदा तिथूनच खरा पाहावा असं त्यांना वाटलं.

दुष्टाने मांडीत सुरी घातली. सुरी दोन बोटं गेली आणि थांबली. दुष्टाने किंचित वाकून आत पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्याने सुरी बाहेर काढली आणि कोपर उचललं.

मास्तरांनी ते कोपर पाहिलं.

ते कोपर त्यांच्या ओळखीचं होतं. खरं मांस कापताना माणूस खांद्यातून जोर लावतो. लगद्याची टर्की कापताना सुरी काहीच कापत नाही, म्हणून कोपर उचलून जोर दाखवावा लागतो. हे दुष्टाला मास्तरांनीच शिकवलं होतं.

दुष्टाने अप्रतिम टर्की कापली. एक काप आईच्या ताटात गेला, एक बाईसाहेबांच्या, बाईसाहेबांच्या ताटात जरा मोठा. एकाही ताटात काही पडलं नव्हतं. आईने दुष्टाकडे एकदा पाहिलं, टर्कीकडे एकदा पाहिलं, आणि काटा उचलला. बाईसाहेबांना तेवढंही पाहावं लागलं नाही. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. आईने घासाबरोबर थोडं बटाट्यासारखं काहीतरी घेतलं. दुष्टाने बोटं चाटली. बाईसाहेब म्हणाल्या, किती मऊ झालीय, नाही? आई म्हणाली, तोंडात घातली की विरघळते. दुष्ट म्हणाला, ताईची आठवण आली. एकेक शब्द मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होता.

मास्तर भांडं धरून दारात उभे होते. इतकं सुंदर खोटं जेवण त्यांनी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं. पाव नाही, चहा नाही, समोर प्रेक्षक नाहीत, आणि तिघंही जीव ओतत होते. फक्त मास्तरांसाठी. आणि मास्तरांना कळलं की हा निरोपाचा खेळ आहे. आता हे शेवटपर्यंत असेच जेवतील, पोट भरलं म्हणतील, जाताना त्यांचे हात हातात घेतील, आणि पुढच्या डिसेंबरात तितक्याच प्रेमाने हॉटेलात टेबल सांगतील. गप्प बसलं की झालं. टाळ्याच पडायच्या बाकी होत्या.

तेवढ्यात बत्ती म्हणाला, “माझ्या ताटात काही पडलंच नाही.”

बाईसाहेबांचा काटा हवेत थांबला. आईने टेबलाखालून बत्तीला लाथ मारली असावी, कारण तो म्हणाला, “पाय का मारतेस? नाहीच आहे काही. तुझ्याही नाही.”

मास्तर पुढे आले. भांडं टेबलावर ठेवलं. वरचा दिवा लावला, बत्तीचा दिवा विझवला, आणि दुष्टाने जिथे सुरी घातली होती तिथे कातडी बोटाने बाजूला करून पाहिलं. आत टर्की गुलाबी होती आणि बऱ्यापैकी थंडही.

“दुष्टा, सुरी दे,” मास्तर म्हणाले. “पडदा.”

दुष्ट म्हणाला, बाहेरून तर फारच छान झाली आहे रे. आई म्हणाली, आपण आज केकच खाऊ, तसंही डॉक्टर मांस कमी करा म्हणतात. बाईसाहेब उठल्या. त्यांनी शेला सावरला, पॅसेजमधून कोट आणला आणि एक बाही घातली.

“मास्तर, हॉटेल अजून उघडं असेल,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. तेच मास्तरांना जड गेलं. “चला सगळे. तुम्हीसुद्धा. पांढरा शर्ट नसला तरी चालेल.”

मास्तरांनी थाळा उचलून छातीशी धरला.

“आजपर्यंत मी केलेलं कुणी गिळलेलं नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, एकदा तरी. थांबा म्हणतो. उशीर होईल, पण थांबा.”

बाईसाहेब एक हात कोटात आणि एक हात बाहेर अशा उभ्या राहिल्या. रंगमंचावर त्या इतका वेळ थांबल्या असत्या तर प्रॉम्प्टरने वाक्य दिलं असतं. मग त्यांनी बत्तीला विचारलं, तुला भूक कितपत आहे? बत्ती म्हणाला, खूप. पण ही घरातली खुर्ची बरी आहे, मी थांबतो. बाईसाहेबांनी कोटातला हात बाहेर काढला.

“तुम्ही आत जा,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “आम्हाला अंकांच्या मधला वेळ काढायची सवय आहे.”

स्वयंपाकघरात मास्तरांनी ताईला फोन लावला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, की सुरी खुपसली होतीस का? मास्तर म्हणाले, नाही. मागे तिच्याकडच्या नातवंडांचा गोंधळ ऐकू आला. मग ती म्हणाली, अख्खी परत घातलीस तर रात्र होईल. तोड, तुकडे कर, ट्रेमध्ये पसर. आणि आता तरी तिच्याकडे बघत बसू नकोस.

दुष्ट मदतीला आला होता. मास्तरांनी त्याला बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं. टर्की ओट्यावर होती, एका मांडीवरची चीर सोडली तर जशीच्या तशी, तांब्यासारखी. मास्तरांनी तिच्याकडे एकदा जवळून पाहिलं. मग सुरी पूर्ण आत घातली.

सुरुवातीला सुरीचं जमेना, तसे त्यांनी हात घातले. लगद्याची टर्की फोडायला करवत लागली असती. ही हाताने निघत होती, नुसता वेळ लागत होता. सांधे कटकट वाजत होते. मधाची कातडी फाटून त्यांच्या मनगटांना चिकटली. ट्रे भरला तेव्हा त्यात टर्कीसारखं काही उरलं नव्हतं. ट्रे आत गेला, आच मंद झाली, आणि या खेपेला मास्तर काचेकडे पाठ करून बसले.

बाहेर मंडळींनी कपाटावरची लगद्याची टर्की काढली होती. आईने तिच्यावरची धूळ पुसून ती टेबलाच्या मधोमध ठेवली, जागा मोकळी दिसू नये म्हणून. मग त्यांनी शेवटचा अंक म्हणायला घेतला. बाईसाहेबांना सगळ्यांची वाक्यं येत होती, स्वतःची सोडून. दुष्टाने तीन ठिकाणी दुसऱ्याच नाटकातली धमकी दिली. बत्ती प्रत्येक वेळी, इथे निळा यायचा, इथे मी हळूहळू काढून घ्यायचो, असं सांगत होता. बाहेर अंधारून आलं, समोरच्या खिडक्यांत दिवे लागले. अंक संपला तरी टर्की झाली नव्हती, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.

दोनदा मास्तरांनी ओव्हन उघडला आणि मांडीत सुरी खुपसली. पहिल्या खेपेला पाणी गुलाबी आलं. दुसऱ्या खेपेला साफ आलं. ते त्यांनी चमच्यात धरून दिव्याखाली नेऊन पाहिलं, आणि ताईला फोन न करता ओव्हन बंद केला.

ट्रे टेबलावर आला तेव्हा मधोमध लगद्याची टर्की दिमाखात बसलेली होती, म्हणून खऱ्या टर्कीला कडेला, केकजवळ जागा मिळाली. तिच्याकडे पाहवत नव्हतं. मध जळून काळा झाला होता, एक पंख कोळशासारखा, हाडं वाटेल तशी वर आलेली. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून पाहिलं असतं तर कुणी जुन्या चपला भाजतंय असं वाटलं असतं. कुणीही नखाने टकटक केली नाही.

दुष्टाने वाढलं. या वेळी त्याचं कोपर अंगाशी होतं.

मास्तर बसले नाहीत. ते सवयीने दारात जाऊन उभे राहिले. बाईसाहेबांनी पहिला घास घेतला. काहीच म्हणाल्या नाहीत. आईने घेतला. तीही काही म्हणाली नाही. दुष्टाने एक तुकडा तोंडात टाकला, तो भाजला, म्हणून तोंड उघडं ठेवून हवा घेतली, आणि डोळ्यांत पाणी येऊनही थुंकला नाही. कुणी वा म्हटलं नाही, कुणाला ताईची आठवण आली नाही. चौघंही माना खाली घालून चावत होती, बऱ्यापैकी आवाज करत. बाईसाहेबांच्या हनुवटीवर तेल होतं. त्यांनी हाताने हाड उचललं, वाकडं करून दातात धरलं, आणि शेल्यावर डाग पडला तरी पाहिलं नाही. मास्तर त्यांना नायिका झाल्यापासून ओळखत होते. तोंड भरलेलं असताना गप्प बसलेल्या बाईसाहेबांना ते पहिल्यांदाच पाहत होते.

बराच वेळ गेला.

“मीठ कमी आहे,” बत्ती म्हणाला.

आईने त्याला लाथ मारली नाही. तिने मिठाची बाटली बाईसाहेबांकडून घेतली आणि त्याच्यापुढे सरकवली. बाईसाहेबांनी ती आधीच वापरली होती. बाईसाहेबांनी घास गिळला, बोटं पुसली, आणि हाड ताटाच्या कडेला ठेवलं. तिथे आणखी दोन होती.

“खूपच कमी आहे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी मीठ मी येऊन लावीन, आदल्या दिवशी. तुमच्यावर सोडायचं नाही, मास्तर. आणि एवढी मोठी आणू नका, आपण काय वऱ्हाड आहोत?”

मास्तर म्हणाले, बरं.

मग ते तसेच पॅसेजच्या टोकाला गेले, बाहेरच्या दाराशी उभे राहिले, आणि तिथून टेबलाकडे डोळे बारीक करून पाहिलं. तिथून लगद्याची टर्की तेवढी झकास दिसत होती. बाकी काही नीट दिसत नव्हतं.

ते परत आले, आपली खुर्ची ओढली आणि बत्तीला म्हणाले, की मीठ इकडे दे.